गाणं केलं एकीनं, वाजवलं दुसऱ्यानं, पैसे मागितले तिसऱ्यानं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय एका चाळीस वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियन गाण्याचा आहे. पण तो फिरत फिरत आपल्या शाळेच्या गॅदरिंगपर्यंत येतो, म्हणून इथे लिहितेय.

गाण्याचं नाव ‘डाउन अंडर’. बँडचं नाव ‘मेन ॲट वर्क’, म्हणजे रस्ता खणून ठेवल्यावर जी पाटी लावतात तेच. नाव आठवत नसेल तरी सुरुवातीची ती फ्लूटची उड्या मारणारी धून ऐकलीत की म्हणाल, अरे हे होय! ऑस्ट्रेलियानं कुठेही काही जिंकलं की हे गाणं कुणीतरी लावतंच. तिकडे त्याला लोक अर्ध्या गमतीनं दुसरं राष्ट्रगीत म्हणतात.

बँड मेलबर्नचा. कॉलिन हे आणि रॉन स्ट्रायकर्ट हे दोघं आधी नुसत्या गिटारी घेऊन गायचे, मग १९७९ च्या सुमारास पाच जणांचा बँड झाला. गाणारा हे हा मूळचा स्कॉटलंडचा, चौदा वर्षांचा असताना आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला. रिचमंड भागातल्या ‘क्रिकेटर्स आर्म्स’ नावाच्या पबमध्ये हे लोक वाजवायचे. तो काळ ‘न्यू वेव्ह’चा. पंकची आरडाओरड ओसरली होती आणि पोरं गिटारीबरोबर कीबोर्ड, सॅक्सोफोन, जमैकाचा रेगे ठेका, जे हाताला लागेल ते घेऊन चटपटीत, जरा तिरकस गाणी करत होती. ‘डाउन अंडर’ १९८० मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं काढलेल्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आधी आलं. आपल्याला माहीत असलेलं रूप १९८१ चं.

त्यानंतर जे झालं ते त्यांनाही झेपलं नसावं. १९८१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पहिला नंबर. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत पहिला नंबर, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्येही. त्यांचा ‘बिझनेस ॲज युज्वल’ हा अल्बम अमेरिकेत पंधरा आठवडे पहिल्या जागेवर होता. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी यांनाच. सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ या बोटीनं अमेरिकेची १३२ वर्षांची सद्दी मोडून अमेरिकाज कप जिंकला, तेव्हा बोटीचं गाणं हेच. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात बँडनं हेच वाजवलं.

आता गंमत अशी की ज्याला लोक देशाभिमानाचं गाणं समजून छाती फुगवून म्हणतात, ते तसं नाहीच. एक ऑस्ट्रेलियन पोरगा खटारा गाडीतून जग फिरतोय, जिथे जाईल तिथे लोक त्याला ओळखतात, असं त्याचं कथानक. तिसऱ्या कडव्यात तो थेट आपल्या मुंबईत येतो. येतो म्हणजे एका अड्ड्यावर गुंगीत पडलेला असतो आणि समोरचा माणूस त्याला आणखी काहीतरी गळ्यात मारू पाहतो. सत्तरच्या दशकात युरोपातून काठमांडू-गोव्याकडे निघालेल्या हिप्पींच्या वाटेवर मुंबई लागायची, आणि शुक्लाजी स्ट्रीटच्या अफूच्या अड्ड्यांची ख्याती कुठवर पोचली होती ते यावरून कळतं. (जगातल्या एवढ्या गाजलेल्या गाण्यात मुंबईचं नाव आलं आणि तेही असं! असो.) तो पोरगा त्याला विचारतो की बाबा, मी सुबत्तेच्या देशातून आलोय म्हणून मला मोहात पाडतोयस का?

स्वतः कॉलिन हेनं अनेकदा सांगितलंय की गाण्यामागे देश विकायला काढल्याची खंत आहे. जमिनी, किनारे, सगळं बिल्डरांच्या घशात चाललंय आणि माणसं पैशापुढे आपला मूळ स्वभाव विसरताहेत, ही ती तक्रार. हे लक्षात ठेवा, कारण विक्रीचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

ती फ्लूट वाजवणारा माणूस म्हणजे ग्रेग हॅम. सॅक्सोफोन, कीबोर्ड, फ्लूट, सगळ्यात हात. गाण्याला जरा ‘आपल्याकडचा’ वास यावा म्हणून त्यानं फ्लूटच्या तुकड्यात एका बालगीताच्या चालीतला लहानसा भाग ओवला. बालगीत ‘कुकाबुरा’ या पक्ष्याचं. कुकाबुरा म्हणजे आपल्या खंड्याच्या कुळातला पक्षी, पण आवाज असा की कुणीतरी खदाखदा हसतंय. तिकडच्या गम ट्रीवर बसलेल्या या पक्ष्याचं ते गाणं ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक पोरानं शाळेत म्हटलेलं असतं. एका गटानं सुरू करायचं, ओळ संपली की दुसऱ्यानं पहिल्यापासून उचलायचं, मग तिसऱ्यानं. गाण्याच्या व्हिडिओत ग्रेग हॅम झाडावर बसून फ्लूट वाजवताना दिसतो. इतकं उघड. लपवायचं असतं तर माणूस झाडावर चढून बसला असता का?

तरी पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. का, ते मी तुम्हाला सांगू शकते, कारण माझा धंदा तोच आहे. मी शाळेत संगीत शिकवते. ‘कुकाबुरा’ आनंदी, मेजर स्केलमधलं आहे. ‘डाउन अंडर’मध्ये तेच स्वर मायनरच्या साथीवर येतात. म्हणजे स्वर तेच, खालचा षड्ज बदलला. आपल्याकडे गाणाऱ्यांना हा खेळ नवीन नाही. भूपाचा धैवत षड्ज धरा, तेच पाच स्वर धानी होऊन बसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी ओळखीचं आहे, पण हात लावून दाखवता येत नाही. आणि संगीतात ज्याला कौशल्य म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं.

आता ‘कुकाबुरा’ कुणाचं? इथे गोष्टीत ती बाई येते जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आपलेपणा वाटतो. मॅरियन सिंक्लेअर. व्हिक्टोरिया राज्यातल्या टुरॅक कॉलेज या शाळेत संगीताची शिक्षिका. १९३२ साली तिनं हे गाणं केलं. १९३४ मध्ये गर्ल गाइड्सच्या स्पर्धेत पाठवलं, ते निवडलं गेलं, फ्रँक्स्टनच्या जांबोरीत म्हटलं गेलं आणि तिथून ते जगभरच्या शेकोट्यांभोवती पोचलं. अख्खं गाणं चार बारचं. (बार म्हणजे तालाचं आवर्तन समजा, भलतं काही नाही.) शाळेतल्या बाईंनी पोरांसाठी केलेलं गाणं आणि ते देशभर तोंडी होतं, यापेक्षा मोठा पुरस्कार आमच्या व्यवसायात नाही.

बाई १९८८ पर्यंत जिवंत होत्या. म्हणजे ‘डाउन अंडर’ जगभर दणाणत होतं तेव्हा त्या सात वर्षं होत्या. त्यांनी कुणाला कोर्टात खेचलं नाही.

त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९९० मध्ये, ‘लॅरिकिन म्युझिक’ या प्रकाशन कंपनीनं ‘कुकाबुरा’चे हक्क विकत घेतले. किंमत ६,१०० ऑस्ट्रेलियन डॉलर. कंपनीलाही ‘डाउन अंडर’मधलं साम्य तेव्हा माहीत नव्हतं. मग २००७ मध्ये तिकडच्या ‘एबीसी’ वाहिनीवर ‘स्पिक्स अँड स्पेक्स’ या संगीतावरच्या प्रश्नमंजूषेत प्रश्न आला की ‘डाउन अंडर’मधली फ्लूट कोणत्या बालगीतावरून आली आहे? टीव्हीवरच्या थट्टामस्करीतला प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून कंपनीकडे फोन आणि मेल सुरू झाले. दोन वर्षांत खटला उभा राहिला.

खटल्याची सगळी वळणं सांगत बसत नाही. आधी हक्क गर्ल गाइड्सचे की कंपनीचे यावर वाद झाला, कारण स्पर्धेच्या नियमांत काहीतरी लिहिलेलं होतं. २००९ मध्ये ठरलं, कंपनीचे. मग ४ फेब्रुवारी २०१० रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती पीटर जेकबसन यांनी निकाल दिला की फ्लूटच्या तुकड्यात ‘कुकाबुरा’चा भरीव भाग आहे, सबब हक्कभंग झाला. चार बारच्या गाण्यातले दोन बार म्हणजे निम्मं गाणं, हा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. गाणंच चार बारचं असलं तर दोन बार म्हणजे निम्मंच. कॉलिन हेनं काही कार्यक्रमांत फ्लूटच्या जागी ‘कुकाबुरा’चे शब्दच गायले होते, तेही कोर्टापुढे आलं. म्हणजे प्रेमानं दिलेली दाद पुढे पुरावा म्हणून वापरली गेली.

कंपनीनं मागितले होते गाण्याच्या उत्पन्नातले चाळीस ते साठ टक्के. दोन बारच्या बदल्यात! जुलै २०१० मध्ये कोर्टानं दिले पाच टक्के, तेही २००२ पासूनचे, कारण त्याच्या मागचं मुदतीच्या कायद्यात बसत नव्हतं. अपील मार्च २०११ मध्ये फेटाळलं गेलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च पातळीवर हाय कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. संपलं.

अपिलातल्या न्यायमूर्ती एमेट यांनी निकाल कायम करतानाच एक नोंद केली. तिचा आशय असा की लेखिका मरून कित्येक वर्षं झाल्यावर, हक्क विकत घेतलेल्या तिसऱ्याच्या सांगण्यावरून असा हक्कभंग ठरत असेल, तर कॉपीराइटच्या काही मूळ कल्पनांचा फेरविचार करावा लागेल. न्यायाधीश कायदा बदलू शकत नाही, तो एवढंच म्हणू शकतो. पण म्हणाले, ही मोठी गोष्ट.

आणि ग्रेग हॅम? निकालानंतर एका मुलाखतीत तो म्हणाला होता की आता लोक मला कशासाठी लक्षात ठेवतील, तर कशाची तरी नक्कल केली म्हणून. हे त्याला फार लागलं होतं. १९ एप्रिल २०१२ रोजी तो मेलबर्नमधल्या त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. वय ५८. खटल्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, माणसाच्या आयुष्यात हजार गोष्टी असतात. पण एक तपशील डोक्यातून जात नाही. ‘डाउन अंडर’चे लेखक-संगीतकार म्हणून नावं आहेत फक्त हे आणि स्ट्रायकर्ट यांची. ज्या फ्लूटच्या तुकड्यासाठी सगळं जग ते गाणं ओळखतं, तो वाजवणाऱ्याचं नाव त्यात नाही. श्रेय नाही, ठपका मात्र त्याचा.

आता माझं म्हणणं.

कॉपीराइट कशासाठी आहे? ज्यानं केलं त्याला त्याचं फळ मिळावं, म्हणजे तो आणखी करेल, एवढ्यासाठी. मॅरियन सिंक्लेअर १९८८ मध्ये गेल्या. २०१० च्या निकालानं त्या आणखी एक गाणं करणार होत्या का? ज्यांना पैसे मिळाले त्यांनी गाण्यातला एक स्वर केला नव्हता. ६,१०० डॉलर भरून कागद घेतला होता. हा गाण्याचा हक्क नाही, हा सातबारा आहे. जमीन कसणारा मेला, वारसानं विकली, घेणाऱ्यानं वीस वर्षांनी मोजणी आणून शेजाऱ्याच्या विहिरीवर दावा सांगितला, असा प्रकार. देश विकला जातोय म्हणून जे गाणं लिहिलं, त्याच गाण्याचा एक तुकडा असा कागद घेऊन आलेल्याच्या ताब्यात गेला.

आणि हा सातबारा किती वर्षं चालणार ते ऐका. ऑस्ट्रेलियात पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क होता, २००५ पासून तो ७० वर्षं झाला. म्हणजे १९३२ सालचं ‘कुकाबुरा’ २०५८ च्या अखेरीस मोकळं होणार. १२६ वर्षं! चार बारच्या शाळेतल्या गाण्याला!

तुम्ही म्हणाल, तिकडचं तिकडे. तर मग इकडे या. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर ५० वर्षं होती. टागोरांच्या साहित्याचे हक्क १९९१ अखेर सुटणार म्हणून ती ६० केली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी झाली आणि आज ती स्वस्तात, कितीतरी प्रकाशकांची, कुठल्याही स्टॉलवर मिळते. गुरुजींना यात वाईट वाटलं असतं असं मला तरी वाटत नाही.

आता ‘नाच रे मोरा’ घ्या. आमच्या पहिलीतल्या पोरांना ते आजीच्या आजीपासून चालत आलेलं वाटतं. त्यांच्या आयांनाही वाटतं, मी विचारून पाहिलंय. ते लिहिलं गदिमांनी, चाल पुलंची, गायलं आशाबाईंनी, १९५३ च्या ‘देवबाप्पा’ सिनेमात. गदिमा १९७७ मध्ये गेले, पुलं २००० मध्ये. कायद्याच्या हिशेबानं शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालीवरचा २०६० अखेरपर्यंत. समजा, कोथरूडमधल्या चार पोरांनी एक बँड काढला, पावसावर गाणं केलं आणि मध्येच बासरीवर ‘नाच रे मोरा’ची निम्मी ओळ वाजवली. ऐकणारा प्रत्येक मराठी माणूस हसेल, ओळखेल, त्याला लहानपण आठवेल. त्यासाठीच तर ती वाजवली! चोरी ती असते जी लपवावी लागते. इथे तर ऐकणाऱ्यानं ओळखलंच नाही तर वाजवणं फुकट जातं.

मग तीस वर्षांनी कुणी कागद घेऊन आलं की साठ टक्के काढा, तर?

आपल्या संगीताचा तर सगळा संसारच असा उसनवारीवर चाललाय, आणि त्यात कुणाला लाज वाटलेली नाही. १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साक्या, दिंड्या, लावण्यांच्या चाली उचलल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या आणि महाराष्ट्राच्या घराघरात राग पोचले. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक कधी हातात घेतलंत तर बघा, पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘चाल:’ आणि पुढे ज्या गाण्यावरून घेतली त्याचं नाव. एवढंच. कुठून घेतलं ते सांगितलं, व्यवहार पुरा झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी हा प्रश्न अर्ध्या ओळीत सोडवला होता.

आता माझ्या शाळेचं सांगते, म्हणजे हे सगळं हवेतलं वाटायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या गॅदरिंगला सातवीच्या मुलींनी भोंडल्याची गाणी बसवली. पेटीवर मी, ढोलकीवर आमचा शिपाई (तो माझ्यापेक्षा तालात पक्का आहे), बाकी टाळ्या. ज्या मुलींचे आईवडील ऊसतोडीला गेले होते त्यांना बघता यावं म्हणून एका सरांनी व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. संध्याकाळपर्यंत नोटीस आली की यातलं गाणं अमुक एका कंपनीच्या मालकीचं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा नावाचा नाही. त्या कंपनीनं कधीतरी भोंडल्याच्या गाण्यांचा एक अल्बम काढला होता म्हणे. त्यांच्या रेकॉर्डिंगवर त्यांचा हक्क आहे, मान्य. पण आमच्या पोरींनी स्वतःच्या गळ्यानं म्हटलेल्या, कुणी रचलं ते कुणालाच ठाऊक नसलेल्या गाण्यावर? कुणा माणसानं ऐकून नोटीस पाठवलीच नव्हती, यंत्रानं सूर जुळवून पाठवली होती. सरांनी हरकत नोंदवली, उत्तर यायला महिना लागला, तोवर व्हिडिओचा आवाज बंद. ऊसतोडीच्या फडावर बसून त्या आयांनी आपल्या लेकी मुक्यानं फेर धरताना पाहिल्या. महिन्यानं आवाज परत आला, तेव्हा फड दुसऱ्या गावाला गेला होता.

टीव्हीवरच्या एका प्रश्नानं ‘डाउन अंडर’चा खटला उभा राहिला, कारण तेव्हा साम्य ओळखायला माणूस लागत होता. आता लागत नाही. दोन बार कुठेही वाजले तरी यंत्राला कळतात. ते गमतीनं वाजवलेत, आदरानं की चोरून, हे मात्र त्याला कळत नाही. म्हणून हा विषय पूर्वीपेक्षा आता जास्त महत्त्वाचा आहे.

इथे काही जण लगेच कॉमेंटमध्ये लिहितील की मग कॉपीराइटच नको, कला सगळ्यांची असते वगैरे. त्यांच्याशी माझं बिलकुल जमत नाही. कला सगळ्यांची असते हे वाक्य बहुतेक वेळा कलावंताला पैसे द्यायची वेळ आली की ऐकू येतं. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांनी एकरकमी चार पैसे घेऊन सही करायची आणि पुढे पन्नास वर्षं कंपनीनं कमवायचं, हेच चालत आलं. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर भांडले. त्या दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यानं स्वतः म्हटलं तरी कंपनीला लिहून देता येत नाही. वारसांना देता येतो, किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीला. ही मला कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ वाटते. कारण ती हक्काला माणसाशी बांधते, कागदाशी नाही.

आणि लॅरिकिन कंपनीला मी खलनायक ठरवत नाही. कायद्यानं जे हातात दिलं ते तिनं वापरलं. जेकबसन यांनीही साठच्या जागी पाच टक्के देऊन जमेल तेवढी अक्कल वापरली. दोष कायद्याच्या घडणीत आहे, आणि तो आपल्या कायद्यातही आहे.

माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी कॉपीराइट कायदा दुरुस्तीला निघेल तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. लेखक हयात नसेल आणि हक्क वारसांकडेही नसून विकत घेतलेल्या तिसऱ्याकडे असेल, तर ओळ-दोन ओळींच्या उघड उल्लेखासाठी उत्पन्नातला वाटा मागता येऊ नये. अख्खं गाणं वापरलं तर जरूर घ्या, ठरावीक दरानं घ्या. आणि लहान तुकड्यासाठी नाव देणं सक्तीचं करा. लेखकाचा नावावरचा हक्क आपल्या कायद्यात वेगळा आहेच, कॉपीराइट विकला तरी तो उरतो. तोच जरा बळकट करा. त्या जुन्या नाटकांच्या पुस्तकासारखं. ‘डाउन अंडर’च्या रेकॉर्डवर १९८१ मध्येच बारीक अक्षरात ‘फ्लूटची धून: मॅरियन सिंक्लेअर यांच्या गाण्यावरून’ असं छापलं असतं, तर १९८३ मध्ये जगातल्या लाखो घरांत एका शाळेतल्या बाईंचं नाव त्यांच्या हयातीत पोचलं असतं. साठ टक्क्यांत ते बसत नाही.

आणि इंटरनेटवरच्या नोटिशींबद्दल एकच. पारंपरिक गाण्यावर मालकी सांगणाऱ्याला खोटा दावा महाग पडला पाहिजे. आज त्याचं काही जात नाही, आणि सातवीतल्या पोरींचा महिना जातो.

यंदाच्या गॅदरिंगला पाचवीची मुलं ‘नाच रे मोरा’ म्हणणार आहेत. कार्यक्रमपत्रिका कालच छापून आली. गाण्याच्या नावाखाली ‘शब्द: ग. दि. माडगूळकर, चाल: पु. ल. देशपांडे’ असं टाकलंय. प्रेसवाला म्हणाला, बाई, जागा कमी आहे, हे काढू का? म्हटलं, प्रमुख पाहुण्यांच्या पदव्या कमी कर.